आधी कोणता शब्द जातो?
स्मृतिभ्रंश, मूर्त शब्द आणि अमूर्त शब्द : एका प्रश्नाचा इतिहास

व्याकरणाच्या आरंभीच्या धड्यांत विद्यार्थ्याला नामाचे तीन प्रकार शिकविले जातात : सामान्यनाम, विशेषनाम आणि भाववाचक नाम. आंबा, गोदावरी आणि गोडी. यांपैकी पहिली दोन त्याला चटकन उमगतात. तिसऱ्यापाशी तो अडखळतो. आंबा हातात देता येतो, गोदावरी नकाशावर दाखविता येते. गोडी मात्र आंब्यापासून वेगळी काढून दाखविता येत नाही. म्हणूनच अध्यापनशास्त्राने ‘मूर्ताकडून अमूर्ताकडे’ हे सूत्र स्वीकारले, आणि आमच्या व्यवसायातील प्रत्येकाने ते केव्हा ना केव्हा पाठ केलेले असते.

या सूत्राच्या पोटात एक अनुमान दडलेले आहे. जे आधी आले ते अधिक पक्के. जे अधिक पक्के ते शेवटी जाणार. इमारत पाडताना कळस आधी उतरतो आणि पाया सर्वांत मागून निघतो, तसेच वार्धक्यात माणसाची बुद्धी खचू लागली, तर ‘न्याय’, ‘औदार्य’, ‘जबाबदारी’ असे शब्द आधी गळतील आणि ‘सुई’, ‘गवत’, ‘तांब्या’ हे शब्द अखेरपर्यंत टिकतील, असे आपण गृहीत धरतो. म्हातारपणाला दुसरे बालपण म्हणण्याची आपल्याकडची रीत याच समजुतीवर उभी आहे.

ही समजूत कितपत खरी आहे, हा प्रश्न केवळ वैद्यांचा नाही. भाषेचा अभ्यास करणाऱ्यास तो तितकाच महत्त्वाचा आहे. कारण शब्दाचा अर्थ मनात कोठे आणि कशाच्या आधाराने राहतो, हे शब्द नाहीसे होऊ लागले म्हणजेच काही अंशी दिसते. शिवाय घरातील वडीलधाऱ्या माणसाला काय कळते आणि काय कळत नाही, याचा निर्णय आपण त्याच्या शब्दांवरूनच करीत असतो. तो निर्णय चुकला, तर त्याची किंमत त्या माणसाला मोजावी लागते. म्हणून या प्रश्नाचा सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास येथे थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

मेंदूची इजा आणि वाणीचा लोप यांचा संबंध शास्त्रीय रीतीने प्रस्थापित झाला तो १८६१ मध्ये. त्या वर्षी पॅरिस येथील शस्त्रवैद्य पॉल ब्रोका यांनी लबोर्न नावाच्या रुग्णाची हकिगत विद्वत्सभेपुढे ठेविली. या माणसाला ‘टान’ या एका अक्षरसमूहापलीकडे फारसे काही बोलता येत नसे. पण दुसऱ्याचे बोलणे त्याला बरेचसे कळत असे. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या अर्ध्याच्या पुढील भागात इजा आढळली. पुढे १८७४ मध्ये कार्ल वेर्निके या तरुण जर्मन वैद्याने याच्या उलट प्रकार वर्णिला. त्याच्या रुग्णांचे बोलणे अस्खलित असे, परंतु ते अर्थाला धरून नसे आणि दुसऱ्याचे शब्दही त्यांना उमगत नसत. उच्चार आणि अर्थ या दोन वेगळ्या शक्ती असून एक शाबूत राहून दुसरी जाऊ शकते, एवढे यावरून सिद्ध झाले. अर्थ जातो तेव्हा कोणत्या शब्दांचा आधी जातो, हा प्रश्न मात्र अजून शिल्लक होता.

त्यास पहिले ठळक उत्तर दिले ते आडोल्फ कुसमाउल यांनी, १८७७ साली प्रसिद्ध झालेल्या वाणीच्या विकारांवरील ग्रंथात. ते उत्तर आपल्या शालेय सूत्राच्या अगदी विरुद्ध आहे. त्यांचे म्हणणे असे की, स्मृती क्षीण होऊ लागली म्हणजे जी कल्पना जितकी मूर्त, तितके तिचे नाव लवकर विसरले जाते. याचे कारणही त्यांनी दिले. माणूस किंवा वस्तू डोळ्यांपुढे आणण्यास नावाची गरज लागत नाही. नाव नसले तरी तिचे चित्र मनात उभे राहते. त्यामुळे वस्तू आणि तिचे नाव यांचा सांधा सैल असतो. गुण, संबंध, अवस्था यांचा विचार मात्र शब्दावाचून करताच येत नाही. तेथे शब्द हाच कल्पनेचा देह असतो. म्हणून ते शब्द मनाला अधिक घट्ट चिकटून राहतात.

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी स्मृतीच्या विकारांवरील आपल्या १८८१ च्या ग्रंथात हाच धागा पुढे नेला. विसरण्यास क्रम असतो : आधी विशेषनामे, मग सामान्यनामे, त्यानंतर विशेषणे आणि क्रियापदे, मग उद्गार आणि सर्वांत शेवटी हावभाव. नवे आधी जाते, जुने मागून. गुंतागुंतीचे आधी जाते, साधे मागून, असा त्यांचा नियम होता. इंग्लंडात ह्यूलिंग्स जॅक्सन यांनी याच काळात मज्जासंस्थेच्या ‘उत्क्रांती’बरोबर तिच्या ‘विलया’चा सिद्धान्त मांडला. जाणीवपूर्वक केलेली रचना आधी ढळते आणि सवयीने तोंडात बसलेले बोल टिकून राहतात, असे त्यांनी दाखविले. ज्याला आपले म्हणणे मांडण्यास एक वाक्य जुळविता येत नाही, त्याच्या तोंडून शिवी किंवा देवाचे नाव सहज निघते, हे आपल्याकडेही अनेकांनी पाहिले असेल.

येथे एक विसंगती ध्यानात घेतली पाहिजे. ‘साधे ते टिकते’ हा नियम मानला, तर सामान्यनामे विशेषणांच्या आधी का जावीत? ‘घोडा’ हा शब्द ‘चपळ’ या शब्दापेक्षा कठीण थोडाच आहे! रिबो यांच्या क्रमात एका बाजूस शाळेचे सूत्र आहे आणि दुसऱ्या बाजूस कुसमाउल यांचे. दोन्हींचा पूर्ण मेळ त्यात बसलेला नाही. पुढील शंभर वर्षे हा वाद या दोन ध्रुवांमध्ये हेलकावे खात राहिला.

आतापर्यंत बोललो ते पक्षाघाताने किंवा जखमेने एकाएकी झालेल्या हानीविषयी. हळूहळू झिजत जाणाऱ्या मेंदूकडे लक्ष वेधले ते प्राग येथील आर्नोल्ड पिक यांनी. १८९२ मध्ये त्यांनी एकाहत्तर वर्षांच्या एका गृहस्थाची हकिगत लिहिली. त्याची वाणी आणि बुद्धी दोन्ही क्रमाक्रमाने ढासळली होती आणि मेंदूची झीज सर्वत्र सारखी नसून डाव्या शंखखंडात विशेष होती. कानशिलाला आपल्या जुन्या वैद्यकात ‘शंख’ म्हणतात. त्याच्या आतल्या बाजूस असलेला मेंदूचा भाग तो शंखखंड. वृद्धाची बुद्धी सरसकट मावळत नाही, ती विशिष्ट ठिकाणी आणि विशिष्ट रीतीने मावळू शकते, हा पिक यांचा बोध पुढे फार मोलाचा ठरला.

याच सुमारास फ्रँकफर्ट येथे दुसरी एक हकिगत घडत होती. २५ नोव्हेंबर १९०१ रोजी एक्कावन्न वर्षांची ऑगस्टे डेटर ही स्त्री तेथील मनोरुग्णालयात दाखल झाली. आलोइस आल्त्सहायमर हे वैद्य तिला प्रश्न विचारीत आणि उत्तरे टिपून ठेवीत. दाखविलेल्या वस्तूंची नावे ती बहुधा बरोबर सांगे. पण थोड्या वेळाने कोणत्या वस्तू दाखविल्या होत्या हे तिला आठवत नसे. फुलकोबी आणि मांस खात असता ‘काय खाता?’ असे विचारल्यावर तिने पालकाचे नाव घेतले. कपाला योग्य शब्द न आठवल्यामुळे ती ‘दूध ओतायचे’ अशा अर्थाचा जोडशब्द वापरीत असे. एप्रिल १९०६ मध्ये ती मरण पावली. त्याच वर्षी ३ नोव्हेंबर रोजी ट्यूबिंगेन येथील सभेत आल्त्सहायमर यांनी तिच्या मेंदूत आढळलेले बदल सांगितले, १९०७ मध्ये ते छापले गेले आणि १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या रोगाला आल्त्सहायमर यांचे नाव दिले. आपण ज्याला अल्झायमर म्हणतो तो हाच रोग. ऑगस्टे डेटरचे मूळ टिपणवजा कागद पुढे १९९५ मध्ये फ्रँकफर्ट येथेच सापडले.

‘दूध ओतायचे’ हा शब्द क्षणभर न्याहाळण्यासारखा आहे. वस्तूचे नाव गेले, पण तिच्याशी निगडित असलेली क्रिया राहिली. आपल्या घरांतूनही ‘ते हे... पाणी प्यायचं’ असे म्हणून म्हातारी माणसे पेल्याकडे बोट दाखवितात. नाम गळते आणि क्रियापद त्याच्या जागी उभे राहते. यास्काने निरुक्तात नाम आणि आख्यात यांचा भेद सत्त्व आणि भाव, म्हणजे सिद्ध वस्तू आणि घडत असलेली क्रिया, यांवर उभा केला होता. तो भेद केवळ वैयाकरणांच्या सोयीचा नसून मनाच्या घडणीतही त्याला काही आधार असावा, असे अशा उदाहरणांवरून वाटते.

पहिल्या महायुद्धानंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. डोक्याला गोळी लागलेल्या सैनिकांवर उपचार करणारे कुर्ट गोल्डस्टाइन यांनी, मेंदूच्या हानीत मुख्यतः नष्ट होते ती अमूर्त विचार करण्याची वृत्ती, असे प्रतिपादन केले. त्यांचे सहकारी आडेमार गेल्ब यांच्यासह त्यांनी अभ्यासलेल्या एका रुग्णास रंग दिसत. पण ‘तांबडा’ या वर्गात वेगवेगळ्या छटांचे धागे एकत्र घालणे त्याला जमत नसे. समोरच्या वस्तूला तो चिकटून राही. तिच्यापासून वर उठून वर्ग पाहणे त्याला अशक्य होई. गोल्डस्टाइन १९३५ मध्ये अमेरिकेत गेले आणि १९४८ मध्ये त्यांचा भाषाविकारांवरील ग्रंथ निघाला. त्यांच्या प्रभावामुळे ‘अमूर्त आधी जाते’ हे मत पुन्हा दृढ झाले. आणि सामान्यतः पाहता ते खोटेही नव्हते. पक्षाघाताने वाणी गेलेल्या बहुतेक रुग्णांना मूर्त शब्द अधिक सोपे जातात. निरोगी माणसालाही मूर्त शब्दांची यादी अमूर्त शब्दांच्या यादीपेक्षा लवकर पाठ होते. कॅनडातील अॅलन पेव्हिओ यांनी १९७१ च्या ग्रंथात याचा उलगडा असा केला की, मूर्त शब्द मनात दोन रूपांनी राहतो, एक शब्दरूपाने व दुसरे चित्ररूपाने. अमूर्त शब्दाला मात्र शब्दाचाच एक आधार असतो. दोन खुंट्यांवर टांगलेले वस्त्र एक खुंटी निखळली तरी खाली पडत नाही, तसे हे आहे.

मधल्या काळात पूर्वेकडे एक महत्त्वाची नोंद झाली होती. १९४३ मध्ये जपानी वैद्य इमुरा यांनी ‘गोगी’ म्हणजे शब्दार्थ, त्याचा लोप झालेल्या रुग्णांचे वर्णन केले. हे रुग्ण स्वच्छ बोलत, ऐकलेला शब्द बिनचूक उच्चारीत, आणि मग त्या शब्दाचा अर्थ काय, असे उलट विचारीत. जपानी लेखनात दोन पद्धती एकत्र नांदतात : उच्चार दर्शविणारी काना अक्षरे आणि अर्थाला धरून असलेली कांजी चिन्हे. या रुग्णांना काना वाचता येई. कांजीत मात्र ते गोंधळत, आणि चिन्हाचा त्या शब्दात न चालणारा दुसराच उच्चार करीत. अर्थ गेला म्हणजे ज्या वाचनाला अर्थाची गरज आहे तेवढेच वाचन बिघडते, हे इतक्या स्पष्टपणे दाखविण्यास जपानी लिपीच हवी होती.

यापुढील निर्णायक पाऊल १९७५ मध्ये लंडन येथे पडले. त्यापूर्वी तीन वर्षे, १९७२ मध्ये, एंडेल टल्विंग यांनी स्मृतीचे दोन प्रकार वेगळे केले होते : ‘काल मी काय केले’ ही प्रसंगांची स्मृती आणि ‘कावळा काळा असतो’ ही अर्थाची स्मृती. एलिझाबेथ वॉरिंग्टन यांनी असे तीन रुग्ण अभ्यासले, की ज्यांची अर्थस्मृती झिजत होती, पण सर्वसाधारण बुद्धी, दृष्टी आणि बोलण्याचा ओघ त्या मानाने पुष्कळ शाबूत होता. यांपैकी एकाचा उल्लेख त्यांनी ए. बी. या आद्याक्षरांनी केला आहे. या सुशिक्षित गृहस्थाला ‘याचना’, ‘करार’, ‘लवाद’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द दिले असता तो त्यांची नेटकी व्याख्या करी. पण ‘सुई’ म्हणजे काय हे त्याला सांगता येत नसे. ‘वाळलेले गवत’ या अर्थाचा रोजचा शब्द आपण विसरलो, असे तो सांगे. हंसाच्या जातीच्या एका पाळीव पक्ष्याचे नाव उच्चारल्यावर तो कोणता तरी प्राणी आहे, एवढेच त्याला ठाऊक होते.

शाळेच्या सूत्राला याहून मोठा धक्का कोणता असणार? जे शब्द मूल दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शिकते ते गेले, आणि जे शब्द हायस्कूलच्या वरच्या वर्गात येतात ते राहिले. कुसमाउल यांनी अठ्ठ्याण्णव वर्षांपूर्वी लिहिलेले वाक्य जणू एका माणसाच्या रूपाने समोर आले होते. १९८४ मध्ये वॉरिंग्टन आणि टिम शॅलिस यांनी मेंदूच्या संसर्गातून वाचलेल्या काही रुग्णांमध्ये सजीवांची नावे आणि निर्जीव वस्तूंची नावे यांचीही अशीच ताटातूट होऊ शकते, असे दाखविले.

ए. बी. सारख्यांच्या विकाराला स्वतंत्र नाव मिळण्यास आणखी काही वर्षे लागली. १९८२ मध्ये अमेरिकेत मार्सेल मेसुलम यांनी, इतर बुद्धी शाबूत असता केवळ भाषा हळूहळू ढासळत जाणारे सहा रुग्ण वर्णिले. १९८९ मध्ये मँचेस्टर येथील जूली स्नोडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सिमँटिक डिमेन्शिया’ हा शब्द रूढ केला. आपण त्यास ‘अर्थभ्रंश’ म्हणू. १९९२ मध्ये जॉन हॉजेस, कॅरलिन पॅटरसन आणि त्यांचे सहकारी यांनी त्याची लक्षणे निश्चित केली. हा विकार विरळा आहे. यात शंखखंडाचे टोक, बहुधा डाव्या बाजूस अधिक, झिजते. रुग्ण व्याकरणशुद्ध बोलतो, काल कोण भेटले ते सांगतो, वाट चुकत नाही. पण शब्दांतला अर्थ, आणि पुढे वस्तूंची ओळखही, हळूहळू नाहीशी होते.

या झिजण्याला एक शिस्त असते. आधी ‘बगळा’ जातो आणि त्याच्या जागी ‘पक्षी’ येतो. मग ‘पक्षी’ जाऊन ‘प्राणी’ येतो. शेवटी सगळ्यालाच ‘ते’ किंवा ‘वस्तू’. अशा रुग्णांना बदकाचे चित्र समोर ठेवून काढावयास सांगितले तर ते नीट काढतात. पण चित्र दूर करून थोड्या वेळाने आठवणीतून काढावयास सांगितले, तर त्या बदकाला चार पाय फुटतात. कारण प्राण्याला चार पाय असतात ही सामान्य कल्पना राहिली आहे आणि बदकाचे विशेष गेले आहे. पदाचा अर्थ व्यक्ती, आकृती की जाती, असा वाद न्यायसूत्रांत आहे आणि तिन्हींचा समावेश करून त्याचा निर्णय केलेला आहे. या रोगात व्यक्ती आणि आकृती पुसट होत जातात आणि जाती अधिक काळ तग धरते. प्राचीनांनी तर्काने वेगळे केलेले अर्थाचे घटक येथे काळाच्या ओघात एकेक करून वेगळे पडताना दिसतात.

मग मूर्त शब्द आधी जातात हेच अखेर खरे ठरले काय? १९९४ मध्ये ब्रीडिन, सॅफ्रन आणि कॉस्लेट यांनी डी. एम. या रुग्णाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा तसेच वाटू लागले. या रुग्णालाही अमूर्त शब्द अधिक कळत. त्यांची उपपत्ती अशी होती : शंखखंडाच्या खालच्या बाजूचा भाग दृष्टिज्ञानाशी जोडलेला आहे. तो झिजला म्हणजे वस्तूचे रूप, रंग, आकार यांची आठवण जाते. मूर्त शब्दाचा अर्थ बव्हंशी याच सामग्रीचा बनलेला असल्यामुळे तो कोसळतो. अमूर्त शब्द मात्र इतर शब्दांशी असलेल्या नात्यांवर जगतात, म्हणून ते वाचतात.

उपपत्ती मनोहर होती. पण मनोहर उपपत्तीचीच अधिक कसून तपासणी व्हावी लागते. २००९ मध्ये एलिझाबेथ जेफरीज आणि सहकाऱ्यांनी अर्थभ्रंश झालेल्या अकरा रुग्णांना समानार्थी शब्द ओळखण्याची चाचणी दिली. त्यांत शब्द मूर्त की अमूर्त हे जसे पाहिले, तसेच तो किती वेळा वापरात येणारा आहे हेही पाहिले. निष्कर्ष असा की, या रुग्णांना मूर्त शब्दच अधिक कळत होते, आणि वारंवार वापरातले शब्द विरळ शब्दांपेक्षा पुष्कळ अधिक कळत होते. २०११ मध्ये पॉल हॉफमन आणि मॅथ्यू लॅम्बन राल्फ यांनी सात रुग्णांना पूर्वीच्या अभ्यासांत वापरलेल्या निरनिराळ्या चाचण्या दिल्या आणि उलटा क्रम हे या रोगाचे नेहमीचे लक्षण नाही, असे सांगितले. ए. बी. आणि डी. एम. यांच्या हकिगती खोट्या ठरल्या नाहीत. त्या अपवाद ठरल्या. याउलट निष्कर्ष काढणारे अभ्यासही मधून मधून प्रसिद्ध झाले आहेत. वाद पूर्णपणे मिटलेला नाही.

तथापि अपवाद झाले तरी ते का झाले, हे पाहणे अवश्य आहे. ज्या मूर्त शब्दांची चाचणी होते त्यांतील अनेक विरळ वापरातले असतात. ज्याचे आयुष्य कार्यालयातील पत्रव्यवहारात गेले, त्याला ‘करार’ हा शब्द ‘सुई’पेक्षा अधिक ओळखीचा असणे अगदी शक्य आहे. अमूर्त शब्दांचाही एकच एक वर्ग नाही. २०११ मध्येच स्टावरुला कूस्टा, गॅब्रिएला विग्लिओको आणि सहकाऱ्यांनी दाखविले की, पुष्कळशा अमूर्त शब्दांना भावनेचा आधार असतो आणि त्या आधारावर ते मनात घर करतात. मराठी वाचकाला हे पटविण्यास प्रयोगाची गरज नाही. ‘माया’, ‘लाज’, ‘राग’, ‘पाप’ हे शब्दही अमूर्तच आहेत. पण ते मुलाने आईच्या मांडीवर ऐकलेले असतात. ‘सार्वभौमत्व’ आणि ‘सापेक्षता’ हे शब्द त्याला मास्तरांनी दिलेले असतात. दोहोंना भाववाचक नाम म्हणून एका रकान्यात बसविणे व्याकरणाला शोभते. जीवनात त्यांची वाट एक नाही.

या इतिहासातील सर्वांत बोलका पुरावा आम्हांस वाटतो तो स्नोडेन यांच्याच गटाने १९९४ मध्ये नोंदविलेला. अर्थभ्रंशाच्या रुग्णाला आपल्या घरातली, आपल्या रोजच्या वापरातली वस्तू ओळखू येते आणि वापरता येते. त्याच प्रकारची दुसऱ्या घरातली वस्तू समोर ठेवली तर ती काय आहे हे त्याला कळत नाही. ज्या माणसांशी आणि स्थळांशी त्याचा आजचा संबंध आहे, त्यांची नावे इतर नावांपेक्षा अधिक टिकतात. म्हणजे अर्थाचा शेवटचा आसरा मूर्तता नव्हे आणि अमूर्तताही नव्हे. आपल्या चालत्या आयुष्याशी असलेला त्या शब्दाचा संबंध हा तो आसरा होय. सूत्र म्हणून मांडावयाचे तर इतकेच म्हणता येईल की, मूर्त शब्दाला सामान्यतः झुकते माप मिळते. पण वापर, भावना आणि आयुष्यातील स्थान यांमुळे ते माप पालटू शकते.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्राबाहेर पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आपल्या समाजात घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी, ही स्थिती नवीन नाही. या संदर्भात हैदराबाद येथील एक अभ्यास विशेष महत्त्वाचा आहे. निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस या संस्थेतील सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ३९१ जण एकाहून अधिक भाषा बोलणारे होते. एकच भाषा बोलणाऱ्यांच्या तुलनेने त्यांच्यात रोगाची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसू लागली, आणि निरक्षरांमध्येही हा फरक आढळला. अनेक भाषांचा वापर हेच याचे कारण, असे निर्विवादपणे म्हणता येणार नाही. त्यावर मतभेद आहेत. पण परप्रांतात घरची मराठी टिकविण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी ही नोंद ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

बहुभाषिक घरात शब्दांची परीक्षाही जपून घ्यावी लागते. ज्या आजोबांनी चाळीस वर्षे दुकानाचा हिशेब तेलुगूत किंवा उर्दूत सांभाळला, त्यांना ‘नफा’, ‘उधारी’, ‘भरवसा’ या अर्थाचे शब्द त्या भाषेत आठवतील. आणि ‘पाटा’, ‘वरवंटा’, ‘देव्हारा’ मराठीत. एका भाषेत प्रश्न विचारून दुसऱ्या भाषेतील ज्ञान गेले, असा निर्णय देणे अन्यायाचे होईल.

लिपीविषयीही एक सावधगिरी हवी. इंग्रजीत शब्दाचा उच्चार अनेकदा त्याचे लेखन पाहून ठरत नाही, तो शब्द माहीत असावा लागतो. म्हणून अर्थभ्रंश झालेला इंग्रज ‘पाइंट’ हा शब्द ‘मिंट’च्या चालीवर ‘पिंट’ असा वाचतो आणि त्याचे दुखणे उघडे पडते. देवनागरी बहुतांशी उच्चाराला धरून आहे. तेव्हा अर्थ गेला तरी वाचन चालू राहण्यास तिच्यात पुष्कळ वाव आहे, असे अनुमान करता येते. घरातील वृद्ध रोज पोथी घडाघडा वाचतात, एवढ्यावरून त्यांना सर्व कळते असे धरून चालणे धोक्याचे आहे.

हा धोका दोन्ही बाजूंनी आहे. एखादे वृद्ध गृहस्थ ‘हक्क’, ‘मालकी’, ‘संमती’ हे शब्द ओघात वापरतात म्हणून त्यांच्यापुढे कागद ठेवून सही घेणारे आप्त असतात. ओघ हा आकलनाचा पुरावा नव्हे, हे वेर्निकेच्या काळापासून ज्ञात आहे. उलट, ज्यांना चमच्याचे नाव आठवत नाही त्यांना आता काहीच कळत नाही असे समजून, त्यांच्यादेखतच त्यांच्याविषयी वाटेल ते बोलणारेही असतात. सुईचा अर्थ विसरलेल्या ए. बी. ला याचना म्हणजे काय ते ठाऊक होते. तशी माणसे विरळ असतील. पण आपल्या घरातील माणूस त्यांपैकी नाहीच, असे कोणत्या आधारावर म्हणावयाचे?

म्हणून शब्दाची परीक्षा घेण्यापेक्षा शब्दाला आधार देणे हे आपले पहिले काम होय. ‘हे काय आहे, सांगा पाहू’ असे विचारून शाळा भरविण्याऐवजी त्यांचा तांब्या त्यांच्या नेहमीच्या जागी ठेवावा, तो हाती देताना त्याचे नाव आपण घ्यावे, छोट्या वाक्यात एकच गोष्ट सांगावी, आणि बोलणे ज्या भाषेत सहज चालते त्या भाषेत करावे. त्याने रोग थांबणार नाही. परंतु जो शब्द रोजच्या वापराने तगला आहे तो आणखी काही दिवस तगेल. ‘मूर्ताकडून अमूर्ताकडे’ हे सूत्र वर्गात शिकविण्यासाठी चांगले आहे आणि तेथे ते राहावे. आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला त्याच सूत्राने माणसाचे माप घेऊ नये.